आईचं बहात्तर साल

बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की आमची आई आधी हसते. माहेर माण तालुक्यातलं. तेव्हा ती सातवीत होती.

"लय मज्जा यायची बघ," म्हणते. दुष्काळी कामावर खडी फोडायला गावातल्या पोरी ओळीनं बसायच्या. डोक्यावर गोणपाट, बोटांना चिंध्या. दगडाची कपरी उडून लागली त्याचा वण उजव्या भुवईवर अजून आहे. घरात मोठ्यानं हसायची सोय नव्हती, तिथं दिवसभर गप्पा, गाणी, एकमेकींची टिंगल. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, वय वाढवून लिहिलेलं. बाकीच्या बाया अंगठा उठवायच्या, ही सही करायची. हे सांगताना ती नीट मांडी घालून बसते. शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच, हे मात्र अर्ध्या वाक्यात उरकून लगेच सुकडीवर येते.

कामावर मिळणारी गोड सुकडी ती थोडी खायची, उरलेली धाकट्या भावासाठी ओच्यात बांधायची. मिलोचं नाव काढलं की तोंड वाकडं. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी. भाकरी थापताना कडा फाटायच्या. आजी म्हणायची, ही जनावरांची ज्वारी माणसांना घालत्यात. पण खायचे सगळेच.

मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हे वाचून मी आईला सांगितलं. "असत्याल की. गावात म्हातारी तेवढी ऱ्हायली हुती." पुढं रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. तो कुणी आणला यावर पुढाऱ्यांची भाषणं ऐकावीत. आईला विचाराल तर ती मुकादमाची नक्कल करून दाखवेल.

एकाच गोष्टीला ती हसत नाही. आजोबांनी खिलारी बैलजोडी म्हसवडच्या बाजारात कवडीमोलानं दिली. परत आले ते नुसते कासरे घेऊन. दोन दिवस जेवले नाहीत. त्यातल्या एका बैलाचं नाव राजा होतं. दुसऱ्याचं ती सांगत नाही, विचारलं तर उठून चहा टाकते.

मागच्या दिवाळीत मी धीर करून विचारलं, शाळा सुटल्याचं वाईट नाही वाटलं?

"माझ्या पगारातनं तुझ्या मामाची पुस्तकं आली की."

मामा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला. निरोपसमारंभात म्हणाला होता, दुष्काळातही वडिलांनी मला शिकवलं. आई पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. त्याची आठवण करून दिली तर म्हणाली, "म्हनू दे. तवा पाच वर्साचा हुता त्यो. मस्टरवर कुनाचं नाव हुतं, त्येला काय ठावं!"