तुम्ही विचारलंत म्हणून : लॅपटॉपवर लंबक उभा राहतो, मग टेबलावर कशाला?

'सर, सिम्युलेशनमध्ये सगळं दिसतंय की! मग लोखंडात पैसा कशाला घालायचा?' कंट्रोलच्या (यंत्राला आपोआप ताळ्यावर ठेवण्याच्या विषयाच्या) लॅबचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. पोरं विचारतात, पालक विचारतात, बजेटच्या बैठकीत तर हमखास. 'प्रॅक्टिकल नॉलेज हवं हो' म्हणून वेळ मारून नेता येते, पण ते उत्तर मलाच पटत नाही. म्हणून एकदा सविस्तर.

तुमचं खरं तेवढं आधी मान्य. रूट लोकस आणि बोडे प्लॉट हे कंट्रोलचे आलेख शिकायला मोटर लागत नाही. लॅपटॉपवर गेन (चूक दिसली की किती जोराने दुरुस्त करायची तो आकडा) हवा तितक्यांदा बदला, काही जळत नाही, कुणाचं बोट पट्ट्यात अडकत नाही. पूर्वी मीही हीच बाजू घेऊन भांडायचो आणि आजही ती पूर्ण सोडलेली नाही.

आता टेबलावरचा उलटा लंबक बघा, म्हणजे खालून टेकलेली दांडी, जी गाडी पुढे-मागे सरकवून उभी तोलायची. 12 मिमीच्या दोन रॉडवर धावणारी गाडी, 2 मिमी पिचचा टायमिंग बेल्ट, 20 दात्यांची पुली, म्हणजे एका फेऱ्याला गाडी 40 मिमी सरकते. गाडीवर 608 नंबरच्या दोन बेअरिंगमध्ये शाफ्ट, त्याला 40 सेंमीची दांडी आणि कोन मोजायला फेऱ्याला 600 पल्स देणारा एन्कोडर. बुश आणि ब्रॅकेट उद्यमनगरात लेथवर होतात. टर्नरला एवढंच बजावायचं, की दोन्ही बेअरिंगची सीट एकाच सेटिंगमध्ये काढ. नाहीतर शाफ्ट जड फिरतो आणि तो जडपणा कुठल्याच समीकरणात नसतो. अशा दांडीचा अस्थिर पोल (ती किती झपाट्याने कोसळते त्याचा आकडा) साधारण 6 रेडियन प्रति सेकंद येतो. म्हणजे 5 मिलिसेकंदाचं सॅम्पलिंग (दर 5 मिलिसेकंदांनी एकदा मोजणं) भरपूर झालं. कागदावर.

या लंबकाचा एक हमखास होणारा घोळ आहे आणि माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. सिम्युलेशनमधून काढलेले गेन घालून दांडी सरळ धरून सोडली, की मोटर कर्कश गुरगुरते, गाडी थरथरते आणि दांडी कोसळते. सगळे धावतात गेनकडे. डी (दांडीच्या वेगाला गुणणारा गेन) कमी केला की गुरगुर थांबते, पण दांडी लगेच पडते. वाढवला की गिअरबॉक्स खडखडतो. मग संशय एन्कोडरवर. तो अगदीच खोटा नसतो: एन्कोडरच्या दोन्ही सिग्नलच्या मिळून चारही कडा मोजल्या तर फेऱ्याला 2400 काउंट, म्हणजे एक काउंट 0.15 अंशाचा. 5 मिलिसेकंदांनी भागलं की एका काउंटचा वेग सेकंदाला 30 अंश होतो. दांडी जवळपास स्थिर असली तरी वेगाचा आकडा 0 आणि 30 मध्ये उड्या मारतो. म्हणून अशा झटपट उड्या गाळणारा लो-पास फिल्टर घालतात. गुरगुर कमी होते, पण फिल्टरच्या उशिराने लंबक डोलायला लागतो.

खरा चोर असतो आलेख काढायला लिहिलेली एक ओळ. प्रत्येक लूपमध्ये (प्रोग्रामच्या मोजा-आणि-हलवा या फेरीत) कोन, जागा आणि व्होल्टेज लॅपटॉपकडे छापणारी. 9600 बॉडला (हा अक्षरं पाठवायचा वेग) एक अक्षर जायला जवळपास 1 मिलिसेकंद लागतो, 24 अक्षरांच्या ओळीला 25. लंबक चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाचा 64 बाइटचा बफर पहिल्या काही ओळींतच भरतो आणि मग छपाई पुढे सरकेपर्यंत लूप अडून बसतो. म्हणजे लूप धावतोय 25 मिलिसेकंदांनी, सूत्र मात्र अजून 5 ने भागतंय. वेग पाचपट. तुम्ही डी कितीही ठेवा, मोटरला तो पाचपट पोचतोय!

हे पकडायची रीत साधी आहे. लूप सुरू होताना एक रिकामी पिन हाय करा, संपताना लो करा, आणि ती ऑसिलोस्कोपवर लावा. 5 मिलिसेकंदांनी यायचा पल्स 25 नी येताना दिसला की कोड वाचायचीही गरज पडत नाही. मग 115200 बॉड लावा, दर दहाव्या लूपलाच छापा, आणि भागाकारात गृहीत धरलेला नव्हे तर मोजलेला वेळ वापरा.

यावर तुम्ही म्हणणार, क्वांटायझर (आकडा पायऱ्यांत तोडणारा), डिले (उशीर), डेड झोन (कमांड देऊनही काही हलत नाही तो पट्टा), सगळ्याचे ब्लॉक सिम्युलेशनमध्येही मिळतात. मिळतात. पण कुठला ब्लॉक टाकायचा आणि त्यात आकडा कुठला भरायचा, हे टेबल सांगतं. मोटरला वीज देणारा एल298 ड्रायव्हर 1 अँपिअरला 2 ते 3 व्होल्ट गिळतो. 255 पैकी 35-40 पीडब्ल्यूएमपर्यंत (मोटरला किती जोर द्यायचा त्याची कमांड) आमची गाडी हलतच नाही. तेवढा आकडा कमांडच्या चिन्हाप्रमाणे वरून मिळवला तर डोलणं कमी होतं, जरा जास्त मिळवला तर थरथर परत. पूर्ण गेलेलं मी पाहिलेलं नाही.

शेतावरच्या ऑईल इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर झिजला की मिस्त्री म्हणतो, 'इंजिन हंटिंग करतंय,' म्हणजे वेग सारखा वर-खाली होतोय. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1868 मध्ये गव्हर्नरच्या स्थिरतेवर निबंध लिहिला, तो याच जातीच्या दुखण्यावर. मिस्त्री आधी पिना आणि लिंकेज हलवून ढिलेपणा बघतो. आपली पोरं आधी गेन बदलतात.

'मग तयार किटच घ्या की,' हा पुढचा प्रश्न. साठ पोरांची परीक्षा असेल तर मीही तेच घेईन. सगळी टेबलं सारखी वागतात आणि वायर तुटली तर कुणीतरी येऊन बघतं. पण ज्या किटमध्ये कंट्रोलर कार्ड सीलबंद, तिथे वरचा सगळा घोळ डब्यातच राहतो. संशोधनाला तर ते अजिबात चालत नाही. दोन्ही हवं म्हटलं की बैठकीत हशा होतो, आणि मलाही दरवेळी ते पटवून देता येत नाही.

निदान कोटेशन मागवताना एवढं लिहून घ्या: एन्कोडरच्या कच्च्या पल्स बाहेर मिळतात का, सॅम्पलिंगचा वेळ आपल्याला बदलता येतो का, आणि मोटरचा करंट मोजायला टर्मिनल काढलेलं आहे का. एन्कोडर ओपन कलेक्टर (सिग्नल फक्त खाली ओढणारा, वर स्वतः न नेणारा) असेल तर सिग्नल वर खेचणारा पुल-अप रेझिस्टर कार्डवर बसवलाय का, तेही विचारा. नाहीतर पहिला तास काउंट शून्य का येतोय, यातच जातो.