फोटो असताना पान कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ठाण्यात उपवन तलावावर सकाळी फिरायला येणारे विचारतात, सोसायटीतल्या मैत्रिणी विचारतात, घरी आलेले पाहुणे कपाटातले गठ्ठे बघून विचारतात: मोबाईलवर चांगला फोटो निघतो, मग पानंफुलं दाबून, वाळवून, कागदावर लावून ठेवायचा एवढा खटाटोप कशासाठी?

फोटो मीही काढते. पण फोटोत तेवढंच येतं जे त्या क्षणी बघायचं सुचलं. पान जवळ असलं की नंतर सुचलेलंही त्याला विचारता येतं.

दसऱ्याचंच घ्या. जांभळी नाक्यावर सोन्याच्या जुड्या विकायला येतात आणि त्यांत आपट्याच्या नावाखाली कांचनाची पानंही सर्रास असतात. फोटोत दोन्ही जोडपानं, दोन्ही हिरवी, आकारमान कळायला मार्ग नाही. वाळलेली पानं एका कागदावर शेजारी लावली की शाळेतलं मूलही फरक सांगतं. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाड आणि चिवट. कांचनाचं मोठं आणि मानाने पातळ. हा फरक बोटांना कळतो, आणि मोबाईलच्या काचेवर बोट फिरवून तो कळणार नाही.

याहून मोठा दाखला द्यायचा तर १९८७ साली वुडवर्ड या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या कामाचा. त्याने संग्रहालयांत ठेवलेली, मागच्या दोनशे वर्षांत वेळोवेळी गोळा केलेली झाडांची वाळकी पानं सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि त्यांच्यावरची रंध्रं, म्हणजे हवा आतबाहेर जायची बारीक छिद्रं, मोजली. ती सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालेली निघाली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसं पानांचं कमी रंध्रांत भागू लागलं. ज्यांनी ती पानं तोडून कागदावर लावली त्यांच्या स्वप्नातही हा प्रश्न नव्हता. त्यांनी फक्त नीट वाळवलं आणि खाली तारीख लिहिली. मला हे वाचल्यापासून तारीख न लिहिलेलं पान बघवत नाही.

आपल्या जवळ बघायचं तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या नावाचं. माझा घरचा संग्रह म्हणजे त्या मानाने काहीच नाही, पण नमुन्यासोबत लावायच्या चिठ्ठीची शिस्त तीच. तारीख, जागा, झाड केवढं, फुलाला वास होता का. जागा म्हणजे नुसतं ‘ठाणे’ लिहून चालत नाही. कुठला रस्ता, कुठली बाजू, कुठल्या भिंतीलगत, हे सगळं हवं. आणि ताज्या फुलाचा रंग लिहायचाच, कारण तो जाणार असतो.

रंग टिकतो कसा, हा दुसरा हमखास प्रश्न. खरं उत्तर असं की काही टिकतात, काही नाही. बहाव्याचा पिवळा बऱ्यापैकी राहतो. ताम्हणाचा जांभळा फिका पडतो, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य नाजूक, ओल आणि उजेड दोन्ही त्याला सोसत नाहीत. अनंतासारखी पांढरी फुलं तपकिरी होतात. कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीची ही क्रिया. हिरव्या पानातल्या हरितद्रव्यातून मॅग्नेशियम निघून गेलं की ते शेवाळी-करडं दिसायला लागतं. यावर इलाज एकच, पाणी लवकर काढून घ्या आणि नंतर अंधारात ठेवा.

लवकर म्हणजे कसं? पान रद्दीच्या घडीत, वरखाली टीपकागद, दोन्हीकडून प्लायवूडची फळी, आणि वर जुन्या दिवाळी अंकांचा भरपूर वजनदार गठ्ठा किंवा करकचून आवळलेले पट्टे. दुसऱ्या दिवशी उघडून बघायचंच. तेव्हा पान मऊ पडलेलं असतं आणि अजून वळतं, म्हणून सुरकुत्या तेव्हाच सोडवायच्या आणि एक पान मुद्दाम पालथं करायचं, म्हणजे मागच्या शिरा आणि लव कायमची दिसत राहते. नेच्याचं (फर्नचं) तर पालथं पान हवंच, त्याच्या बीजाणूंचे ठिपके मागेच असतात. पहिले काही दिवस कागद रोज बदलायचे. यात आळस केला की बुरशी ठरलेली.

पण ठाण्यातला पाऊस! जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली, रद्दीसुद्धा दमट. मी आधी कागदाला इस्त्री फिरवते, पानाला कधीच नाही, ते ठिसूळ होतं. घड्यांच्या मधेमधे कुरियरच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घालते आणि समोर टेबलफॅन लावते. पन्हळींतून वारा जातो आणि ओल घेऊन बाहेर पडतो. पानफुटीसारख्या रसाळ पानाला हेही पुरत नाही. ते दाबलेल्या अवस्थेतसुद्धा जिवंत राहतं आणि पुस्तकातच कडांना कोंब काढतं. त्याला आधी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावं लागतं.

किड्यांसाठी पूर्वी संग्रहालयांत पाऱ्याचं विष वापरत, म्हणून जुने नमुने आजही जपून हाताळतात. घरी त्याची गरज नाही. वाळलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर कागदांवर दव धरतं.

हे सगळं तोडायचं कुठून, तर येऊरमधून नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिथून काही आणता येत नाही. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी माझ्याकडे म्हणूनच फक्त फोटोत आहे, आणि तिथे तेच योग्य. खाडीकाठच्या तिवरांचंही तसंच. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून दर्जा मिळाला. सोसायट्यांची आवारं, फुटपाथ, ओळखीच्यांच्या बागा एवढं मला पुरतं. विचारून आणि झाडाला जाणवणार नाही इतकंच घ्यायचं.

घोडबंदर रस्त्याच्या कडेचा एक पर्जन्यवृक्ष रुंदीकरणात गेला. त्याची फुलांसकट डहाळी माझ्याकडे आहे. त्याची पानं संध्याकाळी मिटतात, म्हणून मी ती भर दुपारी तोडून तिथेच कागदात घातली होती. चिठ्ठीवर लिहिलेल्या जागी आज झाड नाही, त्याची सावली पडायची तिथे डांबर आहे. फोटो त्याचेही आहेत माझ्याकडे. पण ते झाड होतं याचा त्याच्याच अंगाचा पुरावा या डहाळीत आहे, आणि मला तो हवा होता.

मुलांना सुरुवात कशाने करून द्यावी असंही तुम्ही विचारता. गवताने. त्यात रस कमी असतो, पटकन वाळतं, रंगही फार बदलत नाही, आणि श्रावणात कंपाउंडच्या भिंतीशी हवं तेवढं असतं. तुऱ्यावर आलेलं घ्यायचं, मुळासकट उपटायचं आणि माती झटकून टाकायची. कागदाला लांबीला मावलं नाही तर तोडू नका, इंग्रजी व्हीसारखं दुमडा. चिठ्ठी मात्र मुलाला स्वतःच्या हाताने लिहू द्या, अक्षर कसंही असलं तरी.