22 चा फादर चालत नाही म्हणे

आज धरमपेठेत मित्राकडे रोलप्ले गेम होता, म्हटलं यावेळी तलवार-बिलवार नको, आपण तरुण कॅथलिक फादर बनू, एकदम श्रद्धाळू. वय टाकलं 22. सदरवाला दोस्त लहानपणापासून चर्चला जाते, तो म्हणे काहून बे, फादर व्हायला सहसा 25 तरी लागतात, त्याआधी डीकन, म्हणजे फादरच्या खालची पायरी. बरं, 26 केलं. गळ्यात जांभळा स्टोल, म्हणजे फादरचा लांब पट्टा, खिशात रोझरी. मग गेममध्ये एकानं माझ्याजवळ कन्फेशन केलं, म्हणजे पापाची कबुली दिली, की खून मीच केला, आणि बाकीचे मलाच विचारून राहिले खुनी कोण, अन् कन्फेशनमधलं तर पोलिसालाही सांगता येत नाही! दोन तास तोंड दाबून बसलो राजेहो, तर्री पोहे पार थंड. एरवी माझ्या पोटात काही राहत नाही, बायको अजून हसून राहिली.