फ्रेजल व्हर्बची वही : मुक्काम 'एंड अप'

मंडळी, फ्रेजल व्हर्ब म्हणजे इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'ऑफ'सारखा छोटा शब्द जोडून होणारी, वेगळाच अर्थ देणारी जोडी. 'गिव्ह अप' आणि 'टर्न अप' उरकले, सध्या वहीत 'एंड अप' चाललंय. शब्दकोशातला अर्थ एका ओळीत संपतो : शेवटी कुठेतरी किंवा कसल्यातरी अवस्थेत जाऊन पोचणं. खरी गंमत आहे ती 'हे काही ठरलं नव्हतं' या छटेत.

आमच्या सोलापुरातलंच घ्या. टॉवेल आणायला चाटी गल्लीत जायचं आणि चादरी घेऊन घरी यायचं : 'वुई वेन्ट फॉर टॉवेल्स अँड एंडेड अप बायिंग चादर्स.' मराठीत म्हणू, 'चादरीच घेऊन बसलो.' हे 'बसलो' फार जवळ जातं, पण त्यात पस्तावा डोकावतो. 'दे एंडेड अप बीकमिंग फ्रेंड्स' यात पस्तावा कुठला? झालं ते बरंच झालं की! म्हणून वहीत 'बसणे'पुढे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय. यापेक्षा चांगलं कुणाला सुचलं तर कळवा.

पुढे क्रियापद आलं तर आयएनजीचंच रूप. 'एंडेड अप टु बाय' चालत नाही. पदरात काय पडलं ते सांगायला 'विथ' : 'एंडेड अप विथ अ कोल्ड.' विशेषण मात्र थेट लागतं, 'एंडेड अप ब्रोक', म्हणजे खिसा रिकामा झाला. कर्म नसल्यामुळे 'पुट इट ऑफ'सारखं मध्ये 'इट' घुसवायची भानगड नाही, पॅसिव्ह करायचीही नाही. तेवढीच सुटका.

'टर्न आउट'शी मात्र घोळ होतो. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर जायला निघालात आणि कळलं की रस्ता बंद आहे, तर 'इट टर्न्ड आउट दॅट द रोड वॉज क्लोज्ड'. मग गर्दीतून वाट काढत भलतीकडेच निघालात, तर 'वुई एंडेड अप ॲट सात रस्ता'. म्हणजे जे उघडकीला येतं त्याला 'टर्न आउट', आणि आपली जी गत होते तिला 'एंड अप'. माझ्या मते ही जोडी एकत्रच घोटावी.

उच्चाराकडेही कान द्या. क्रिकेटचे समालोचक 'एंडेड अप' तोडून म्हणत नाहीत, 'एन्डिडप' असं एका दमात येतं आणि जोर 'अप'वर पडतो.

पुढचा नंबर 'वाइंड अप'चा. अर्थाने तो 'एंड अप'चा सख्खा भाऊ, पण घड्याळाला चावी देणं, कंपनी गुंडाळणं आणि ब्रिटिशांकडे एखाद्याची फिरकी घेणं ही कामंही तोच करतो. भूतकाळ 'वाउंड'. उदाहरणं आत्तापासून जमवायला घ्या.