पावसातली कोकण रेल्वे, खिडकी आणि आपण रेलवेडे

कोकण रेल्वेचा नाद असलेल्या मंडळींनो, पावसातले फोटो टाका ना, मी वाट बघतोय! माझ्या मते खरी मजा रत्नागिरीच्या आसपासच. उक्शी जवळ आलं की मी खिडकी सोडतच नाही, धबधबा रुळापासून इतका जवळ की तुषार थेट तोंडावर येतात, आणि मग पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, आत शिरलं की गारवा आणि नुसता खडखडाट, बोलायचं सुचतच नाही. रत्नागिरी सोडलं की पानवलचा पूल, 64 मीटर उंच, खाली बघताना अजूनही पोटात गोळा येतो (आई तर डोळे मिटूनच घेते).

रो-रो दिसली तर लगेच कॅमेरा काढा, वॅगनवर चढवलेले ट्रक आणि केबिनमध्ये निवांत बसलेले ड्रायव्हर, 1999 पासून चालू आहे हे.

पावसाळ्यात वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू जातात, आपल्याला तर ते बरंच. 2022 ला पूर्ण मार्ग इलेक्ट्रिक झाला, पण डिझेलचा तो धडधड आवाज मला फार आठवतो हो, कोणाकडे जुने व्हिडिओ असतील तर प्लीज दाखवा, सावंतवाडीकडचे असतील तर आधी!