बोर्डाने लिहिलेलं कारण

सैन्यातून मला आजारपणामुळे घरी पाठवलं तेव्हा माझ्या नोकरीला पंधरा वर्षं व्हायला बरीच बाकी होती. शिपायाला सर्व्हिस पेन्शनसाठी पंधरा वर्षं लागतात, त्यामुळे ती वाट बंद झाली. उरली अपंगत्व पेन्शन. तीही लष्करी डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाच्या एका वाक्यावर अडली: आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीमुळे वाढलेलाही नाही.

मला अपस्माराचे झटके येत होते. पहिला झटका लडाखमध्ये पोस्टवर असताना आला, त्याआधी आयुष्यात कधीही नाही. बोर्डाने अपंगत्व २० टक्के धरलं, पण कारणाच्या रकान्यात ‘कॉन्स्टिट्यूशनल’ एवढंच लिहिलं. म्हणजे दोष मुळात शरीरातलाच, घरून आणलेला.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. गावात अशी गोष्ट लपत नाही. चतुर्थीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला जमलेल्या बायकांतून कुणीतरी आईला विचारलं, “वहिनी, तुमच्या माहेरी कुणाला होतं का हे?” तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळं बघणं चाललं होतं. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. पेन्शनचे पैसे मला हवेच होते, घर त्यावर चालणार होतं. पण ते कारण कागदावरून पुसलं जावं, ही ओढ त्याहून मोठी होती.

पणजीला सैनिक कल्याण कार्यालयात सत्तरी तालुक्यातले एक निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, रडगाणं नंतर. आधी तुझी मेडिकलची सगळी फाईल मागव. भरतीच्या दिवसापासूनची.” माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून मी रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला. झेरॉक्सचा गठ्ठा आला. त्यातले दोन कागद मी शेजारी शेजारी ठेवले. एक भरतीच्या वेळचा मेडिकल फॉर्म. झटके, बेशुद्धी, डोक्याला मार, घरातले आजार, सगळ्यांपुढे ‘नाही’, आणि खाली डॉक्टरांची सही. दुसरा बोर्डाचा. तिथे आजार कशामुळे झाला याची सविस्तर कारणं लिहायला चांगली मोठी जागा सोडलेली होती. तिच्यात तो एक शब्द सोडला तर काहीच नव्हतं.

माझं सगळं प्रकरण त्या रिकाम्या जागेवर उभं राहिलं. माझ्या प्रकरणाला लागलेल्या १९८२च्या एन्टायटलमेंट नियमांप्रमाणे, म्हणजे अपंगत्व पेन्शनचा हक्क ठरवण्याच्या नियमांप्रमाणे, जवान भरती होताना धडधाकट होता असंच धरायचं होतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढे त्याच आजाराने त्याला काढलं, तर आजार नोकरीत उद्भवला असं मानायचं. तो भरतीच्या तपासणीत कळणं शक्यच नव्हतं असं डॉक्टरांचं मत असेल, तर त्यांनी त्याची कारणं लिहून द्यायला हवी होती. सिद्ध करण्याचा भार जवानावर नव्हता, आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं. त्यांचाही आजार झटक्यांचाच होता, आणि त्यांनाही नऊ वर्षांच्या नोकरीनंतर काढलं होतं. तो निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

लष्कराकडे करायच्या पहिल्या अपिलाचा माझा आधीचा मसुदा विनवणीचा होता: गरिबी, आईचं वय, बहिणीचं लग्न. सुभेदार साहेबांनी तो सगळा काढायला लावला, आणि त्यांचं बरोबर होतं. हक्क मागताना दयेची भाषा वापरली की वाचणाऱ्यालाही ती दयाच वाटते. मग अपिलात एवढंच राहिलं: भरतीच्या फॉर्मवर नोंद नाही, पहिला झटका नोकरीत आला, बोर्डाने कारणं दिलेली नाहीत. मुदत सहा महिन्यांची असते, ती उलटलेली होती, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडला.

उत्तर आलं ते बोर्डाचंच वाक्य पुन्हा टाईप केलेलं. दुसऱ्या अपिलाला तर उत्तरच नाही. सहा महिने वाट पाहिली तरी निर्णय येत नसेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येतं, तशी २००७च्या कायद्यात तरतूद आहे. गोव्याची प्रकरणं मुंबईच्या खंडपीठापुढे चालतात. रात्री थिवीहून कोकणकन्या पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, आणि बरेचदा पुढची तारीख घेऊन परत यायचं. या काळाबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. झटक्यांची गोळी मात्र मी प्रवासात एकदाही चुकवली नाही.

शेवटच्या सुनावणीला न्यायाधीश साहेबांच्या शेजारी बसलेल्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलांना विचारलं की या रकान्यात कारण कुठे आहे. वकिलांनी पानं उलटली. कारण नव्हतंच.

आदेशात माझा आजार नोकरीशी निगडित मानला गेला. सर्व्हिस एलिमेंट आणि डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्व पेन्शनचे दोन्ही भाग, मंजूर झाले, आणि २० टक्क्यांचे ५० टक्के धरले गेले. असं वाढवून धरणं सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार प्रकरणातल्या २०१४च्या निकालाच्या आधारे झालं. थकबाकी मात्र अर्ज दाखल केल्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. त्यापलीकडचा पैसा गेला. म्हणून मी भेटेल त्या जवानाला सांगतो की उत्तराची वाट बघत बसू नका, तारखा मोजा.

आदेशाची एक प्रत आईने मागून घेतली. तिने ती मामाला दाखवली, आणि ज्यांनी विचारलं होतं त्यांनाही दाखवली.

माझ्या पलटणीतला साताऱ्याचा एक जण हायपरटेन्शनवर असाच घरी बसला आहे. त्याच्याही कागदावर तोच शब्द आहे. त्याच्याकडून फाईलसाठी अर्ज लिहून घेतला, तो गेल्या आठवड्यात पोस्टाने गेला.