पाळणाघर बघायला दुपारी जा

बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपायच्या निदान दोन महिने आधी पाळणाघर शोधायला लागा. आधी ऑफिसात विचारा: मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय देणं बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हा हक्क मागायला लाजू नका.

बाहेरचं बघायचं तर दुपारी एक-दीडला, न कळवता जा. त्या वेळी एक बाळ झोपेला आलेलं, दुसरं भुकेनं रडणारं, आणि मावशींची जेवणं. एका मावशीकडे तीनपेक्षा जास्त तान्ही असतील तर मी नाहीच म्हणेन. बाळं उताणी झोपवतात का, पाळण्यात उशा-गोधड्यांचा ढीग नाही ना, लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुतात का, हे उभं राहून बघा.

सगळ्यात जास्त घोळ दुधाचा होतो. अंगावरचं काढलेलं दूध खोलीत चार तासच टिकतं, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. म्हणून बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहून लगेच फ्रिजमध्ये, तेही दारात नाही, आत मागे. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली धरून. मायक्रोवेव्हमध्ये बाटली बाहेरून कोमट लागते, आतलं दूध मात्र जागोजागी कढत राहतं आणि बाळाचं तोंड पोळतं. उष्टं उरलेलं दूध पुन्हा पाजू नका, हे मावशींना स्पष्ट सांगा.

पहिल्या दिवशी एकच तास ठेवा. आठवडाभरात वाढवत न्या, रुजू व्हायच्या आधीच.